गावाचा रकाना

शांताराम तरे पिठाच्या गिरणीसमोरून जात नसत. आमच्या कार्यालयाकडून स्टेशनला जायला दोन रस्ते होते. जवळच्या रस्त्यावर गिरणी होती. तरे लांबच्या रस्त्याने जात, भर पावसातही, आणि कोणी विचारले तर म्हणत, "तेवढंच चालणं होतं." खरे कारण मला सांगायला त्यांना पाच महिने लागले. त्या कारणात माझा वाटा किती होता हे त्यांना सांगायला मी पाच वर्षांहून अधिक काळ लावला.

मी बी. कॉम. होऊन पोलीस खात्याच्या कार्यालयीन बाजूला लागलो. वर्दी कधी अंगावर चढली नाही. १९९५ साली माझी बदली वसई भागातल्या एका कार्यालयात झाली. त्याच इमारतीत तळमजल्यावर नियंत्रण कक्ष होता. कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेलिफोन, एक बिनतारी संच, भिंतीवर गावांचा जुना नकाशा आणि खुर्चीवर हवालदार तरे. शंभर नंबर फिरवला की त्यांच्या हाताजवळचा फोन वाजे. ते ऐकत, लिहीत आणि संचावरून ज्या हद्दीची जीप असेल तिला निरोप देत.

तरे खाडीकाठच्या गावचे. घरची भातशेती होती, ती धाकटा भाऊ बघे. अंगाने सडपातळ, कपाळावर आडवी आठी, आणि बोलताना शब्द जपून वापरायची सवय. घाईत किंवा रागात असले की मात्र गावची बोली वर येई, मग 'कोण'चा 'कोन' आणि 'पाणी'चे 'पानी' होई. तालुक्यातले गाव सांगितले की त्यातली आळी, आळीतले घर आणि घरातल्या म्हाताऱ्याचे नावही ते सांगत. म्हणूनच त्यांना त्या खुर्चीवर बसवले होते. नकाशावर जेवढी गावे होती तेवढ्यांपुरता त्यांच्याहून चांगला माणूस मिळाला नसता.

पण शहर नकाशाबाहेर वाढत होते. आज जिथे भाताची खाचरे तिथे पुढच्या वर्षी चार मजली इमारत उभी राही. मुंबईत नोकरी करणारी, कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबे तिथे राहायला येत. त्यांना इमारतीचे नाव ठाऊक असे आणि स्टेशनपासून रिक्षाने किती वेळ लागतो ते. ती इमारत कोणत्या गावच्या शिवारात उभी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसे.

आता नोंदवहीविषयी सांगतो. तिचा पहिला रकाना वेळेचा, दुसरा गावाचा. महिन्याच्या शेवटी मला गाववार तक्ता वर पाठवावा लागे. १९९५च्या डिसेंबरात तक्ता जुळेना, कारण निम्म्या नोंदींत गाव नव्हते. तेव्हा मी एक कार्यालयीन सूचना तयार केली: 'गाव हा रकाना भरल्याशिवाय कोणताही निरोप पुढे देऊ नये.' साहेबांनी सही केली. कारणही योग्य वाटत होते, कारण हद्द गावावरून ठरे आणि कोणत्या जीपला बोलवायचे ते हद्दीवरून. पुढच्या महिन्यात तक्ता बरोबर जुळला. मला बरे वाटले होते.

१९९६च्या नोव्हेंबरातली गोष्ट. गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. एका बाईचा फोन आला. आवाज दबका होता आणि मागे गिरणीच्या पट्ट्याची फटफट चालू होती. पुढचे संभाषण तरे यांनी नोंदवहीच्या मजकुराच्या रकान्यात जसेच्या तसे लिहून ठेवले होते. असे कोणी लिहीत नसे.

"पोलीस ना? लवकर या. मारून टाकील तो."

"गाव कोणतं, बाई?"

"नवीन बिल्डिंग आहे. विरारला, पूर्वेला. मागे विहीर आहे."

"बाई, गाव सांगा. चंदनसार, कोपरी, नारंगी? कोणतं?"

"मला नाही माहीत. आम्ही नवीन आहोत इथे. तुम्ही या ना."

"गाव सांगा, म्हणजे लगेच गाडी पाठवतो."

फोन बंद झाला. गावाच्या रकान्यात त्यांनी एक रेघ मारली आणि सूचना मोडून जीपला निरोप दिला. जीपवर आग्नेल होता, सांडोरचा, तोंडाने फटकळ. संचावरून त्याचा आवाज आला, "तरेदादा, मी पश्चिमेला आहे नि रेल्वेचं फाटक पडलंय. पूर्वेला कुठं जाऊ? विहिरी मोजत फिरू काय?" फाटक उघडल्यावर तो पूर्वेला गेला, तासभर फिरला, चार विहिरी पाहून आला. काही सापडले नाही. नियमाप्रमाणे नोंदीपुढे 'अपूर्ण' असे लिहून ती बंद झाली. तसल्या अपूर्ण नोंदी महिन्याला पंधरा-वीस तरी असत.

पुढच्या आठवड्याच्या सुट्टीला तरे सायकल घेऊन विरार पूर्वेला गेले. त्यापुढच्या सुट्टीलाही. मागे विहीर आणि जवळ गिरणी, अशी इमारत ते शोधत होते. विहिरी पुष्कळ होत्या आणि गिरण्याही. दोन्ही एका ठिकाणी कुठेच नव्हते. जी इमारत पाहून होई तिचे नाव ते एका शंभरपानी वहीत लिहीत, म्हणजे पुन्हा तिथेच जाणे नको. मग नावासोबत आणखी लिहू लागले: रिक्षावाले हिला काय म्हणतात, कोणत्या गावच्या शिवारात आहे, जीप कोणत्या बाजूने जाते, फाटक बंद असेल तर कुठून वळायचे, जवळचा टेलिफोन कोणाकडे.

१९९७च्या एप्रिलमध्ये ती वही मी पहिल्यांदा पाहिली आणि तेव्हाच त्यांनी मला सगळे सांगितले.

"ती जिवंत आहे की नाही, एवढंच कळायला हवं मला, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दुसरं काय नको. गिरणी सुरू झाली की ती बोलायला लागते. 'तुम्ही या ना' म्हणते. मी कुठं येऊ?"

सूचना मी लिहिली होती हे तेव्हा माझ्या ओठांवर आले होते. मी वही मिटून त्यांना परत दिली आणि म्हणालो, "अक्षर छान आहे."

सुरुवातीला कक्षात सगळे त्यांची चेष्टा करत. आग्नेल म्हणे, "दादा, तुम्हाला पोस्टमन व्हायचं होतं, चुकून पोलिसात आलात." पण दोन वर्षांत वह्या पाच झाल्या आणि रस्ता चुकला की आग्नेलच संचावरून विचारू लागला, "दादा, तुमच्या पोथीत बघा जरा, ती हिरवी बिल्डिंग कुठून जवळ पडते?"

१९९८मध्ये एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. शेजारच्या घरात दोघेजण दार फोडत होते. बाईंना गाव सांगता येईना. तरे यांनी गाव विचारायचे सोडून दिले आणि म्हणाले, "मावशी, खिडकीतून बाहेर बघा. काय दिसतं ते सांगा."

"पाण्याची निळी टाकी. तिच्याखाली सायकलवाल्याचं दुकान."

तरे यांनी तिसरी वही उघडली. नवव्या मिनिटाला जीप दारात होती आणि दोघेही जिन्यातच सापडले.

त्या दिवसानंतर साहेबांनी मला बोलावून नोंदवहीचा नवा नमुना करायला सांगितले. पहिला प्रश्न 'काय दिसते', मग इमारत, मग रस्ता. निरोप आधी द्यायचा, बाकीचे रकाने नंतर भरायचे. गावाचा रकाना मी सर्वांत शेवटी नेला आणि गाववार तक्ता कसा करायचा ते माझे मी बघेन असे साहेबांना सांगितले. हद्दीची अटही गेली. जी जीप जवळ, तिने आधी जायचे. पुढे संच वाढले, माणसे वाढली. तरे यांच्या वह्यांवरून भिंतीभर नवा नकाशा काढला गेला. बाहेरचे अधिकारी तो बघायला येत. तरे उठून उभे राहत आणि विचारले तेवढेच सांगत. शाबासकी मिळाली की त्यांची नजर खाली जाई. ज्या फोनसाठी हे सारे सुरू झाले तो फोन त्या नकाशावर कुठेच नव्हता, हे खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

२००२च्या फेब्रुवारीतला रविवार. मी तोवर विरारला घर घेतले होते. सकाळी तरे आले आणि म्हणाले, "चंदनसारच्या बाजूला दोन नव्या गल्ल्या झाल्यात, स्कूटरवर सोडता का?" आम्ही गेलो. एका पाच-सहा वर्षे जुन्या इमारतीखाली एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. तिच्या बोलीवरून तरे यांनी तिचे गाव ओळखले, तिनेही यांचे ओळखले आणि दोघे नातीगोती काढत बसले.

"ही जागा आमचीच व्हती," म्हातारी म्हणाली. "मागं विहीर व्हती. पानी काय गोड तिचं! बिल्डिंग झाल्यावर वर्षातच बुजवली."

तरे यांनी मान वर करून इमारतीकडे पाहिले. ही इमारत त्यांच्या पहिल्याच वहीत होती. पुढे 'विहीर नाही' असे लिहून त्यांनी ती खोडली होती.

त्या वेळी वीज गेलेली होती. इमारतीच्या टोकाला एक दुकान होते आणि आतून कोणी बाई गिऱ्हाइकाला सांगत होती, "लाइट आल्यावर या ना, आता कसं दळणार?"

तरे यांनी माझा दंड धरला. "तीच आहे," ते म्हणाले. "भाऊसाहेब, तीच आहे. जिवंत आहे ती."

मी त्यांना सव्वापाच वर्षांत असे हसताना पाहिले नव्हते. गिरणीची पायरी ते दोन ढांगांत चढले.

बाईंचे नाव हंसा. गिरणी त्यांच्या नवऱ्याची, राहायला मागच्याच खोलीत. तरे यांनी आपले नाव सांगितले, खाते सांगितले आणि म्हणाले, "शहाण्णव साली तुम्ही शंभर नंबरला फोन केला होता. गुरुवारी, चार वाजता. मी घेतला होता तो फोन. तुम्ही बऱ्या आहात ना?"

हंसाबेन पिठाने पांढरे झालेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय झालंय? मला कोण मारणार? तो फोन मी माझ्यासाठी नव्हता केला."

वरच्या मजल्यावर संपदा नावाची एक मुलगी भाड्याने राहत होती. लग्नाला वर्षही झाले नव्हते. नवरा मारत असे. त्या गुरुवारी त्याने दार आतून लावून मारायला सुरुवात केली. इमारतीत फोन फक्त गिरणीत होता.

"मग तुम्ही मधेच फोन का ठेवलात?" तरे यांनी विचारले.

"ह्यांनी बटण दाबलं. म्हणाले, तीन-तीनदा गाव विचारतायत, म्हणजे येणार नाहीत, उलट आपलंच नाव लिहून घेतील नि साक्षीला फिरवतील." त्यांनी हात झटकले. "मला वाटलं तरी तुम्ही याल. मी दोन तास गेटवर उभी होते, दादा."

"आणि ती?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिक्षात घालून नेली. पायरी उतरता येत नव्हती तिला. महिन्याने तो एकटाच आला नि सामान घेऊन गेला. म्हणाला, माहेरी आहे."

तरे पिठाच्या पोत्यावर बसले. हंसाबेननी आतून एक स्टीलचा डबा आणला. त्याच दुपारी संपदा गहू देऊन गेली होती. पीठ न्यायला कोणी आले नाही. महिनाभर वाट पाहून हंसाबेननी ते चिमण्यांना घातले, पण डबा मोडीत घालवेना. लग्नाच्या आहेरावर असतात तशी त्याच्यावर अक्षरे कोरलेली होती: 'चि. सौ. कां. संपदा हिस, शत्रुघ्नमामाकडून.' खाली राजापूर तालुक्यातल्या एका खेड्याचे नाव.

तरे यांनी त्यावरून बोट फिरवले. एवढ्यात वीज आली, गिरणीचा पट्टा फिरू लागला. ते उठले नाहीत.

पत्र मी लिहून दिले, कार्यालयाच्या कागदावर नव्हे, साध्या कागदावर: संपदाचा एक डबा आमच्याकडे आहे, ती कुठे असते ते कळवावे. उत्तर पंधरा दिवसांनी आले. मामांचे अक्षर वळणदार होते. 'संपदा ही १९९६च्या नोव्हेंबर महिन्यात, रविवारी, सासरच्या गावी वारली. कावीळ झाली असे आम्हास सांगण्यात आले. आम्ही पोहोचेपर्यंत दहन झाले होते. आपण कोण? आपणास काय ठाऊक आहे?'

तरे यांनी पत्र दोनदा वाचले. "ह्याला उत्तर द्यायला हवं," ते म्हणाले. "लेखी. नोंदवहीच्या पानासकट."

ती नोंदवही मुदत संपलेल्या दप्तरात होती. नष्ट करायच्या कागदांची यादी माझ्याच टेबलावर होती आणि त्या यादीत तिचा क्रमांक होता. ती गेली असती तर त्या दुपारचा पुरावा उरला नसता. तरे यांनी तीनदा गाव विचारल्याचाही आणि माझ्या सूचनेचाही, कारण सूचनेची प्रत आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली होती. मी यादीतून तो क्रमांक कमी केला, वही काढून आणली आणि पुठ्ठा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे मी लिहिलं होतं, तरे. तक्ता जुळावा म्हणून."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यात तुमची बारीक सही आहे. पहिल्या दिवसापासून बघतोय." मग पुठ्ठा मिटून म्हणाले, "पण फोन माझ्या कानाला होता."

मामा स्वतःच आले. सत्तरीचे, धोतर आणि काळी टोपी घातलेले, एसटीने रात्रभर प्रवास करून. तरे यांनी त्यांना नियंत्रण कक्षात आपल्या खुर्चीवर बसवले. हंसाबेन आणि त्यांचा नवरा दोघेही जबाब द्यायला तयार झाल्याचे सांगितले. नोंदवहीतले पान दाखवले. मामांनी डोळ्यांजवळ धरून पान वाचले.

"हे ती बोलली?" त्यांनी विचारले. "माझी संपदा? हे तिचे शब्द आहेत?"

आग्नेल दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. तरे सहज हो म्हणू शकले असते. सव्वापाच वर्षे त्यांनीही तेच मानले होते.

"नाही," ते म्हणाले. "हे खालच्या बाईंचे शब्द आहेत."

"मग ती काय बोलली?"

"ते मला ऐकू आलं नाही, मामा. गिरणी चालू होती. आणि मी गाव विचारत होतो."

मामांनी वही नीट मिटली, डबा पिशवीत घातला आणि जबाब लिहून द्यायला वरच्या मजल्यावर गेले. तरे यांनीही आपला जबाब दिला, स्वतःला काही न वाचवता. मी माझा दिला. चौकशी वर्षभर चालली. संपदाच्या नवऱ्याचा पत्ता तीनदा लागला आणि तीनदा सुटला. शेवटी प्रकरण 'शोध सुरू' या सदरात राहिले, आजही तिथेच आहे. तरे यांची एक वेतनवाढ थांबली. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी घरी जपून ठेवली आहे.

२००४मध्ये तरे निवृत्त झाले. मागच्या महिन्यात मी त्यांच्या गावी गेलो होतो; माझ्याही निवृत्तीला आता वर्षच उरले आहे. दुपारची वेळ होती. त्यांच्या पत्नी रंभाताई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्हीच सांगा ह्यांना. जेवून पडतात, नि चार वाजायच्या आत उठून बसतात. झोप म्हनून नाय."

तरे खांबाला टेकून बसले होते. मी विचारले, "अजून ऐकू येते ती बाई?"

"हंसाबेन? नाही. त्यांना भेटलो त्या दिवसापासून त्यांचा आवाज गेला तो गेलाच," ते म्हणाले. "गिरणीसमोरूनही जातो मी आता. पूर्वी कोणी तरी बोलत तर होतं, भाऊसाहेब. आता वरच्या मजल्यावरची ती मुलगी आहे, आणि ती काहीच बोलत नाही."

"मग चार वाजता उठता कशाला?"

"तिने बोलायचं म्हटलं तर कोणी जागं नको?"

रंभाताईंनी सूप खाली ठेवले आणि आत चहा टाकायला गेल्या. खाडीवरून वारा येत होता. तरे बोलायचे थांबले होते, मान किंचित तिरकी करून, कक्षात फोन घेताना करत तशी. मीही गप्प बसलो. पावणेचार झाले होते.